एकाच पायाचे दोन मोजे

६ नोव्हेंबर (तारीख टेलरबाईंना विचारून)

भिंगरे,

तुझं पाकीट मिळालं. फोटोही मिळाला. मी आजी झाले हे पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर फ्रिजला, कारण तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. तोही बिचारा घूं घूं करून आनंदला.

पोरगी गोड आहे. कपाळ तुझ्या बाबांचं आहे, म्हणजे हट्टी निघणार, आत्ताच सांगून ठेवते. ओठ कुणाचे ते कळत नाहीत, तेवढे जावयांकडे देऊन टाकू. फोटो कुठे ठेवावा हे सुचेना. आधी उशीखाली ठेवला, मग वाटलं चुरगळेल, म्हणून डब्यात ठेवला. डब्यात गुदमरेल असं वाटून पुन्हा बाहेर काढला. हसू नकोस, तुझ्यावर ही पाळी येईल तेव्हा कळेल.

आता कामाचं. तू लिहिलंस की जावयांच्या घरात बाळाच्या पहिल्या नाताळाला आजीने हाताने शिवलेला मोजा उशाशी टांगतात, त्यात खाऊ आणि खेळणी भरतात, आणि मग तो मोजा जन्मभर त्या माणसाचा. त्यांची आई आता नाही, तर आई, तू शिवशील का? हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. लग्न करून गेल्यापासून तू माझ्याकडे काही मागितलं नव्हतंस. मागणार तरी कसं म्हणा, तुझा दादा आणि तू एकमेकांचं तोंड बघत नाही आणि मी राहते त्याच्याकडे.

पायात घालायचा नाही आणि एकच शिवायचा, हे कळायला मला वेळ लागला. आधी वाटलं, तू घाईत दुसरा लिहायचा विसरलीस. तो तुकडे जोडून, आत कापूस घालून, वरून टाके घालून गोधडीसारखा करायचा हे वाचलं तेव्हा मात्र जिवात जीव आला. गोधडी म्हणजे माझा घरचा मामला. तुम्ही दोघं माझ्या गोधडीत लोळून मोठे झालात, तिच्यावर काय काय करून ठेवलंत ते लिहीत नाही, जावई वाचतील.

जावयांच्या लहानपणीच्या मोज्याभोवती पेन्सिल फिरवून तू कापलेला कागदही नीट पोचला. कोपराएवढा लांब आहे. एवढा खाऊ पोरगी खाणार कधी?

मी हल्ली फार खाली उतरत नाही, गुडघे कुरकुरतात. टेलरबाईंचं दुकान आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली आहे. मी जाळीतून दोरीला पिशवी बांधून सोडते, त्या टपाल घालून वर पाठवतात. बाई बोलायला फटकळ, पण हाताने उदार. चिंध्या पाठवीन म्हणाल्या.

दादाला अजून काही बोलले नाही. सवडीने सांगेन.

तिघांच्या डोक्यावर इथूनच हात ठेवते, जावयांना वाकायला सांग.

तुझी आई


१४ नोव्हेंबर (टेलरबाईंच्या कॅलेंडरवरून)

भिंगरे,

तू लहानपणापासूनच वकील. गुडघे दुखतात तर डॉक्टरला दाखवलंस का, खाली उतरत नाहीस तर चिंध्या निवडायला तरी का जात नाहीस, पिशवी दोरीनेच का. बरं बाई, सांगते. पण आधी मोज्याचं ऐक.

तुकडे जमले. तुझा तो पिवळ्या फुलांचा झगा मी जपून ठेवला होता, त्याची बाही घेतली. बाबांच्या चौकड्याच्या सदऱ्याची पाठ घेतली, ती सर्वांत मऊ निघाली. माझ्या निळ्या साडीचा पदर घेतला. टेलरबाईंनी लाल मखमलीची पट्टी पाठवली, कुणाच्या तरी पडद्यातली उरलेली. आणि तुझ्या वहिनीचा एक हिरवा रेशमी तुकडा तिच्या शिवणाच्या डब्यातून घेतला. विचारून घेतला असं लिहिणार होते, पण विचारलेलं नाही.

कात्री मात्र मिळेना. घरातली कात्री दादाने वरच्या फळीवर ठेवली आहे, सुरीपण. म्हणून मी नेलकटरने दोरे तोडत होते. दर रविवारी दादा माझ्या पायाची नखं कापतो, समोर खाली बसून, माझा पाय मांडीवर घेऊन. या रविवारी म्हणाला, हा एवढा बोथट कसा झाला? मी म्हटलं, माझी नखं आता म्हातारी झाली, तीच दगड झालीत. त्याने खरं मानलं. त्याला हल्ली माझं काहीही खरं वाटतं आणि काहीच खरं वाटत नाही.

मग टेलरबाईंनी त्यांची मोठी कात्री दोरीला बांधून पाठवली. टोकाकडून आत शिरली आणि मुठीपाशी जाळीत अडकली. ना आत येई, ना खाली जाई. खालून जाणारी माणसं मान वर करून बघत होती आणि टेलरबाई त्यांना सांगत होत्या, काही नाही, आजींचे केस कापतेय. शेवटी सुटली. मग त्यांनी दोरे तोडायची चिमट्याएवढी कात्री पाठवली. तिनेच सगळं चाललंय.

आता तुझ्या प्रश्नाचं. दिवसा दार बाहेरून लावलेलं असतं. कडी आणि कुलूप. लगेच आठ्या घालू नकोस, पुढचं वाच.

झालं असं की दोनदा दूध उतू गेलं आणि एकदा गॅस तसाच राहिला. ते माझ्याच हातून झालं, नाही म्हणत नाही. मग एक दिवस मी भाजी आणायला उतरले. इथल्या इमारती सगळ्या एका साच्यातल्या, रंगसुद्धा तोच. परत येताना शेजारच्या इमारतीत शिरले, दुसऱ्या मजल्यावर गेले, दार उघडंच होतं. आतल्या बाईला म्हटलं, तू माझ्या घरात काय करतेस? तिने मला चहा दिला. चांगली बाई होती, आम्ही बराच वेळ बोललो. तिकडे दादा गल्ल्या पालथ्या घालत होता. सापडले तेव्हा तो जिन्यात बसून रडला, एवढा मोठा माणूस. त्याच्या दुसऱ्या दिवशी कडी बसवली.

तो वाईट नाही. घाबरट आहे, लहानपणीही अंधारात माझा पदर धरायचा. आता पदराच्या जागी कुलूप धरतो, एवढंच.

टेलरबाई म्हणतात, आजी, आग लागली तर? मी म्हटलं, मी सकाळीच एक बादली भरून ठेवते.

सकाळी दोघं गेली की घर माझं. स्वयंपाकघरात नळ आहे, खोलीत पलंग आहे, गॅलरीत जाळी आहे. जाळीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते, तिथे एक माणूस रोज तीच दोन झाडं पुसतो. हो, पुसतो, प्लास्टिकची आहेत. त्याचं बघून होतं. मग मी पलंगावर मोजा पसरते आणि बादली माझ्याकडे बघत बसते.

तुझी आई


२५ नोव्हेंबर

भिंगरे,

नाताळाला मी तुझ्याकडे यावं, मोजा मीच माझ्या हाताने टांगावा, तू मला न्यायला येशील, हे तुझं पत्र जाळीपाशी उभ्यानेच वाचलं. मग बसले. मग उठून ट्रंकेतून चांगली साडी काढली आणि तिला हवा लावली. परत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी परत काढली.

काल जेवताना दादाला सांगून टाकलं. सगळंच. की तुला मुलगी झाली, तो मामा झाला, तू मला बोलावलंयस, न्यायला यायला तयार आहेस. वहिनीचा हात वाढता वाढता थांबला. दादाने वर बघितलं नाही. पोळीचा तुकडा बोटांनी इतका बारीक केला की चिमण्यांना घालावा.

म्हणाला, "तुला कसं कळलं?"

मी म्हटलं, पत्र आलं.

"वर कुणी आणून दिलं?"

मी म्हटलं, दोरीने. त्याने जाळीकडे बघितलं. मला वाटलं आता जाळीला आणखी जाळी बसवतो की काय. पण मग म्हणाला, तिचं घर तुला नवीन, तिथले जिने नवीन, रस्ते नवीन, तिथे काही झालं तर? मी म्हटलं, इथे तरी काय होतंय? त्याला ते उलट बोलणं वाटलं. मला वाटलं मी साधं उत्तर दिलं.

शेवटी म्हणाला, "पाहू." तुला माहीत आहे, दादाचं 'पाहू' म्हणजे निम्मं हो. सायकलच्या वेळी तुझ्या बाबांचंही असंच होतं. फोटो मी ताटाशेजारी ठेवला होता. त्याने पाहिला नाही, पण वाटीचं पाणी सांडलं तेव्हा पटकन उचलून बाजूला ठेवला. मी बघितलं.

मोजा आता फक्त कापायचा राहिला. आपली गोधडीची रीत तशी, आधी जोडायचं, थर घालायचे, टाके घालायचे. तसा मी एक मोठा चौकोन केला. खाली जुन्या चादरीचं अस्तर, मध्ये कापूस, वर तुकडे. धावदोरा असा घातलाय की तुझ्या बाबांचा सदरा तुझ्या झग्याच्या शेजारी येतो. ही दोघं शेजारी बसली की बोलाचाली व्हायची, आता गुमान बसलीत.

उद्या कागद ठेवून कापते. चिमट्याच्या कात्रीने तीन थर कापायचे म्हणजे उंदराने कुरतडावं तसं. पण घाई कुणाला आहे.

तुझी आई


३ डिसेंबर

भिंगरे,

हे पत्र जरा वेगळं आहे. आधी पाणी पी.

मोजा चुकला.

कागद ठेवला, खूण केली, एक बाजू कुरतडून काढली. मग तोच कागद तसाच उचलून दुसऱ्या जागी ठेवला, दुसरी बाजू काढली. दिवस त्यातच गेले, अंगठ्याला फोड आला. मग दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून शिवायला घेतल्या, तर एकीचं पाऊल खिडकीकडे आणि दुसरीचं दाराकडे. फिरवून बघितलं, उलटं करून बघितलं. एक सुलट केली की दुसरीचं अस्तर बाहेर येतं. दोन्ही एकाच पायाच्या कापल्या गेल्या होत्या. दुसऱ्यांदा कागद पालथा घालायला हवा होता.

आता मला सांग, मी आयुष्यभर गोधड्याच शिवल्या. गोधडीला ना डावं ना उजवं, कशीही पांघरा. तिला पाऊल असतं का? हे मला कोण सांगणार होतं?

पण मी घाबरले. खरं सांगते. दोन्ही तुकडे गादीखाली सरकवले आणि त्यावर बसून राहिले, जणू काही चोरलं आहे. मनात आलं, दादा म्हणतो तेच खरं असेल. कदाचित आधी मला हे कळलं असतं आणि आता कळत नाही. आपल्याला काय कळेनासं झालंय, ते आपल्याला कसं कळणार? या विचाराला दार नाही, भिंगरे. मी त्यात फिरत बसले, मग नळ उघडून तोंड धुतलं.

शनिवारी वहिनी चादर बदलत होती. तिला ते सापडले. तिने मुद्दाम केलं नाही, हिरवा रेशमी तुकडा दिसला म्हणून हातात घेतले. दादा मागेच उभा होता. त्याने दोन्ही एकावर एक ठेवून बघितले. मी सांगत होते की हा कागद असा ठेवला, तो तसा ठेवला. तो ऐकत नव्हता. वहिनीला म्हणाला, माझ्यासमोर, जसं पाहुण्यांसमोर मुलाबद्दल बोलतात तसं, "बघितलंस? आता आईला डावं-उजवंही कळत नाही. आणि ही म्हणते प्रवासाला पाठव."

झालं. 'पाहू'चं 'नाही' झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आणला. तरणा मुलगा, दात छान. मला म्हणाला, आजी, आज वार कोणता? मी म्हटलं, बाहेरून तुम्ही आलात, तुम्हीच सांगा. तो हसला. दादा हसला नाही. मग घड्याळ काढायला सांगितलं, मी काढलं, वर पेंडुलमसुद्धा काढलं, तेवढंच जास्तीचं. जाताना तो बाहेरच्या खोलीत दादाला सांगत होता की वयाच्या मानाने ठीक आहे, थोडं विसरणं होणारच. मी कान देऊन ऐकलं. दादाने त्यातलं 'विसरणं' एवढंच ठेवून घेतलं, बाकीचं डॉक्टरबरोबर परत पाठवलं.

तुला एक सांगू का? दुसऱ्या कुणाच्या हातून काही चुकलं तर ती चूक असते. वहिनीने भाजीत मीठ दोनदा घातलं, आम्ही हसलो. दादा छत्री बसमध्ये विसरून आला, नवीन घेतली. माझं चुकलं की ते लक्षण. आता मी फुलपात्र उचलतानासुद्धा आधी बघते, कुणी बघतंय का.

मोजा होत नाही असं समज. दुकानात छान मिळतात म्हणे. पोरीला काय कळतंय कुणी शिवला.

आई


१० डिसेंबर

भिंगरे,

मागचं पत्र फाडून टाक. तू एवढं लांबलचक रागावून लिहिलंस की टेलरबाईंनी पाकीट वर पाठवताना विचारलं, एवढं जड काय, पाटा आहे का आत?

काय झालं ते ऐक. मी चिंध्या परत केल्या होत्या, मखमलीसकट. पिशवीत चिठ्ठी घातली, मोजा चुकला, दोन्ही बाजू एकाच पायाच्या, आता नको. टेलरबाईंनी फूटपट्टीने शटर वाजवलं. ती आमची घंटा. मी जाळीपाशी गेले. खालून त्यांनी हाताने खूण केली, तुकडे टाका. मी टाकले. त्या बघून इतक्या हसल्या की तोंडातल्या टाचण्या काढून हातात घ्याव्या लागल्या. मला रागच आला. मी आत निघून गेले.

रविवारी सकाळी, दार उघडं असतं तेव्हा, बाई स्वतः वर आल्या. गळ्यात टेप, अंगावर दोरे, हातात माझे तुकडे आणि मी परत केलेल्या चिंध्या. दादा पेपर वाचत होता. बाई त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या, कुणी बसा म्हणायच्या आत.

त्याला म्हणाल्या, माझ्या गुरूने मला पहिला ब्लाउज कापायला दिला, तेव्हा मी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या होत्या. गिऱ्हाइकाचं कापड होतं. माझ्याकडे शिकायला येणारी प्रत्येक मुलगी एकदा तरी हेच करते. कागद उचलतो आणि तसाच ठेवतो, हाताला वाटतं झालं. दादा म्हणाला, हो, पण आईचं वेगळं आहे. त्यांनी विचारलं, काय वेगळं आहे? तो पेपरात बघत राहिला. मग बाई शांतपणे म्हणाल्या,

"मग मलाही कोंडा. मी तर हे रोजच्या पोटासाठी करते."

दादाने पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली. मला वाटलं आता बाईंना घालवून देतो. पण तो नुसता उठून आत गेला आणि खोलीचं दार लावून घेतलं, आतून. आमच्या घरात आतून लागणारी कडी एवढी एकच आहे.

बाईंनी जाता जाता मला उपाय सांगितला. चुकलेल्या दोन बाजू चुकलेल्या नाहीतच. कागद पालथा घालून आणखी दोन बाजू कापायच्या, आणि एकाऐवजी दोन मोजे करायचे. दोन्ही एकाच पायाचे, पण टांगायचेच तर आहेत. त्यांनी मोठी कात्री पदराखालून काढली आणि माझ्या उशीखाली घातली. जिन्याने आली, जाळीत अडकली नाही.

तर आता दोन मोजे. एक पोरीचा. दुसरा माझा, तू लिहिलंस ना, आई, मोजा राहू दे, तू ये, तर तो माझ्या जागी टांगू. दादाचं 'नाही' अजून 'नाही'च आहे. पण मी शिवतेय.

तुझी आई


१७ डिसेंबर

भिंगरे,

हे पत्र छोटं, आणि वाचून झालं की चुलीत.

दोन्ही मोजे झाले. वरच्या काठाला मखमल, टांगायला निळ्या पदराची जाड लूप. दोन्ही पलंगाच्या दांड्याला अडकवून बघितले. दोघंही एकाच दिशेला तोंड करून उभे, रांगेत उभी असलेली मुलं जशी.

वहिनी लवकर आली काल. मला वाटलं ओरडणार, रेशमी तुकड्यावरून. तिने मोजा हातात घेतला, स्वतःचा तुकडा शोधला, त्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, हा माझ्या साखरपुड्याच्या ब्लाउजचा. मी म्हटलं, अगं, विचारायला हवं होतं. ती म्हणाली, असू द्या, डब्यात काय करत होता.

मग ती माझ्या शेजारी पलंगावर बसली. ती कधी बसत नाही गं, तिला सदा घाई. म्हणाली, "आई, तो नुसता सांगतो. रोज सकाळी कडी मी लावते. तो माझ्या आधी निघतो ना."

मी म्हटलं, हो, मला आवाज माहीत आहे. तुझा हात हलका आहे, कडी वाजू देत नाहीस.

तिने खाली बघितलं. हिरव्या तुकड्यावरचे टाके बोटाने मोजले. मग विचारलं, वन्सं कोणत्या दिवशी येऊ शकतील? तुला वन्सं म्हणाली. मी या घरात राहायला आल्यापासून तिच्या तोंडून तुझं नाव ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, तू सांगशील त्या दिवशी. म्हणाली, शुक्रवारी माझ्या हातून कडी लावायची राहील. तो विचारेल तेव्हा सांगेन, विसरले. माझ्या विसरण्याचं कुणी काही करत नाही.

तर शुक्रवार. वर येऊ नकोस, टेलरबाईंच्या दुकानात थांब. जिना मी एकटी उतरणार आहे. सावकाश उतरेन. पण एकटी.

पोरीला टोपी घाल.

आई


शुक्रवार. तारीख टेलरबाईंना विचारली नाही, माझी मीच मोजली. २० डिसेंबर.

बाळा,

हे तुला. इतके दिवस तुझ्या बहिणीला लिहीत होते, आता तुझी पाळी.

तू गेल्यावर थोड्या वेळाने तुझी बायको गेली. कडीचा आवाज आला नाही. तरी मी बराच वेळ दाराकडे बघत बसले. तुला वाटेल, दार उघडं मिळाल्यावर म्हातारी पळत सुटली असेल. तसं नाही झालं. मी सकाळची बादली भरली, ओतून टाकली. भांडी पुसली. दाराला हात लावायला जीव होईना. उघडं दार बघायची सवय मोडली होती, बाळा, हे मला आज कळलं. मग ढकललं. उघडलं.

मी तुझ्या बहिणीकडे चालले आहे, नाताळापुरती. ती खाली आली आहे, टेलरबाईंकडे. मी हरवलेली नाही, शोधायला निघू नकोस, जिन्यात बसू नकोस. गॅसला मी हात लावलेला नाही. तुझा डबा ओट्यावर आहे, गार आहे, गरम करून घे. गॅसचं बटण तूच काढून कपाटात ठेवलं आहेस, डाव्या खणात.

बायकोवर रागावू नकोस. ती विसरली. माणसं विसरतात.

तुझ्यावर माझा राग नाही. तू मला हरवायला घाबरतोस, ते मला त्या जिन्यातच कळलं होतं. पण घरात ठेवलेली आईसुद्धा हरवते रे. मी रोज थोडी थोडी हरवत होते, पलंगापासून नळापर्यंत, नळापासून जाळीपर्यंत. तुला दिसत नव्हतं, कारण संध्याकाळी कुलूप काढलं की मी तिथेच असायचे.

पोरीचा मोजा मी नेते. दुसरा माझा होता, तो तुला देते. त्यात हात घाल. तळाशी, पावलात, तुझ्या भाचीचा फोटो आहे. त्या दिवशी तू तो पाण्यातून वाचवलास पण पाहिला नाहीस. आता पाहा. कपाळ बाबांचं आहे, म्हणजे तुझंही.

मोज्यात चौकड्याचा तुकडा दिसेल, तो बाबांचा सदरा. पिवळी फुलं तुझ्या बहिणीची. तुझं काही नव्हतं माझ्याकडे, तू कपडे फाडून टाकायचास. परत आले की तुझा एक जुना सदरा दे, त्याचा तुकडा मी वर लावून देईन.

मी परत येणार आहे. घर माझंही आहे. आले की दार वाजवणार नाही, कुलूप काढायची वाट बघत जिन्यात उभीही राहणार नाही. दार ढकलून आत येईन आणि आधी चहा टाकेन.

मोजा बाहेरच्या कडीला अडकवला आहे. पाऊल जिन्याकडे केलंय. लूप मुद्दाम जाड शिवली होती, तीन पदरी. ती कडीत असली की कडी लागत नाही. मी करून पाहिलं.

आई